अर्जातली एक ओळ: पुण्यातली एक बॉक्सर आणि तिचे दोन प्रशिक्षक

२०२३ च्या दिवाळीनंतर ती माझ्याकडे शिष्यवृत्तीचा एक अर्ज घेऊन आली. जन्मतारीख, वजनगट, स्पर्धा, पदक, सगळं नीट अक्षरात भरलेलं. फक्त 'प्रशिक्षकाचे नाव' या शब्दांपुढची ओळ कोरी होती. "बाई, इथं कुणाचं लिहू?" तिनं विचारलं. मी अर्ज ठेवून घेतला आणि मुदत कधीपर्यंत आहे ते पाहिलं. डिसेंबरअखेर. म्हटलं, थोडा वेळ दे.

तिच्या प्रश्नामागे बरंच काही होतं. महिनाभरापूर्वी तिनं ५२ किलो वजनगटात युवा मुलींच्या राज्य स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं होतं. वस्तीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. मधोमध तिचा फोटो, भोवती पुढाऱ्यांची डोकी आणि कोपऱ्यात 'मार्गदर्शक' म्हणून एकाच माणसाचं नाव: ज्यांच्याकडे ती गेले दहा महिने सराव करत होती त्यांचं. त्याआधी ज्यांच्याकडे ती वाढली, त्यांचं नाव कुठेच नव्हतं. वस्तीत लगेच दोन तट पडले. एक म्हणायचा, जे सहा वर्षांत जमलं नाही ते नव्या सरांनी दहा महिन्यांत करून दाखवलं. दुसरा म्हणायचा, झाड लावलं एकानं, आंबे खाल्ले दुसऱ्यानं. पारावर, रिक्षा स्टँडवर, तिच्या घरातही याच दोन वाक्यांची देवाणघेवाण चालू होती. तिचे वडील एका बाजूला, आजी दुसऱ्या.

मला ही दोन्ही वाक्यं चुकीची वाटत होती. पण नुसतं वाटून काय उपयोग? तिच्या लढतींची मोबाईलवरची चित्रणं वडिलांनी जपून ठेवली होती. दोन्ही प्रशिक्षक माझ्याशी मोकळेपणानं बोलणारे. मग मी ठरवलं, हे प्रकरण नीट उलगडून बघायचं. मुलगी अल्पवयीन असल्यापासूनचं हे सगळं असल्यामुळे इथे कुणाचंच नाव देत नाही. पहिल्या प्रशिक्षकांना सगळी पोरं 'वस्ताद' म्हणतात आणि दुसऱ्यांना 'सर'. मीही तेच म्हणते.

माझी जागाही आधीच सांगते. मी तिच्या शाळेतली खेळाची शिक्षिका. २०१६ च्या जूनमध्ये, ती अकरा वर्षांची असताना, मीच तिला वस्तादांकडे घेऊन गेले. तेव्हा त्यांच्याकडे माझा थोडा ओढा असणारच. त्याशिवाय कित्येक वर्षं मी बॉक्सिंग स्पर्धांमध्ये टाइमकीपर म्हणून बसते. रिंगला लागून टेबल, हातात स्टॉपवॉच, शेजारी घंटा. प्रेक्षकांना लढत दिसते. टाइमकीपरला त्याशिवाय दोन फेऱ्यांमधलं ते एक मिनिटही दिसतं आणि कॉर्नरमध्ये, म्हणजे फेऱ्यांच्या मधे बॉक्सर बसतो त्या कोपऱ्यात, काय बोललं जातं तेही बऱ्याचदा कानावर पडतं.

पत्र्याची शेड

वस्तादांची शेड पर्वती पायथ्याजवळ, एका जुन्या तालमीच्या मागे. ते सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, बॉक्सिंग पलटणीत शिकलेले. ज्याला जमेल त्यानं महिन्याला शंभर रुपये द्यायचे, न जमेल त्यानं झाडू मारायचा. रिंग नव्हती. फरशीवर ऑइलपेंटनं आखलेला चौकोन होता. बॅग म्हणजे सैन्यातल्या जुन्या किटबॅगेत शिंप्याकडच्या चिंध्या आणि तळाशी वाळू. शॅडो, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारायचा सराव, करायला एका सलूनमधून काढून टाकलेला आरसा. गणपती आले की मंडळाला देखाव्यासाठी शेड द्यावी लागायची. तो महिनाभर सराव नदीपात्रात, आणि दमसासासाठी पर्वतीच्या १०३ पायऱ्या.

मुलगी डावरी. आमच्याकडे डावऱ्या पोरांना उजवं उभं करून टाकायची सवय आहे, कारण डावऱ्याला शिकवायला वेळ जास्त लागतो आणि वर्गातली बाकीची रांग एका बाजूला तोंड करून उभी असते. वस्तादांना इतरांनी तेच सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी फरशीवर एक सुती दोरी सरळ अंथरली आणि पहिले सहा महिने तिला त्या दोरीवर नुसतं चालवलं. हातमोजे दिलेच नाहीत. उजवा पाय पुढे, डावा मागे. सरकताना पुढचा पाय दोरीच्या बाहेर पडला पाहिजे, मागचा ओढत यायचा नाही, उचलून यायचा. मी शाळा सुटल्यावर बघायला जायचे तेव्हा मला वाटायचं, हे काय चाललंय, पोरगी कंटाळून जाईल.

या दोरीचा अर्थ सांगायला हवा, कारण पुढचं सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे. डावरा आणि उजवा बॉक्सर समोरासमोर आले की दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर येतात. ज्याचा पुढचा पाय समोरच्याच्या पायाच्या बाहेर, त्याचा मागचा जोरकस हात सरळ रेषेत पोचतो आणि समोरच्याचा हात वळसा घेऊन येतो. डावऱ्या बॉक्सरची निम्मी लढत त्या चार बोटं जागेसाठी असते. वस्तादांनी ती चार बोटं तिच्या अंगात मुरवली. विचार न करता पाय बाहेर पडेपर्यंत मुरवली.

दुसरी गोष्ट फारच थोड्यांना माहीत आहे. ती तेरा वर्षांची असताना जिल्ह्यातल्या एका स्पर्धेत तिचं नाव होतं. समोर जी मुलगी आली ती वयानं तेवढीच, पण चार वर्षं जास्त खेळलेली. वस्तादांनी नाव मागे घेतलं. लोकांनी त्यांना भित्रा म्हटलं, तिच्या वडिलांनाही राग आला. मला ते एवढंच म्हणाले, "आज तिथं मार खाईल आणि उद्या शेडमध्ये येणार नाही." कुणाशी लढायचं नाही हे ठरवणं ही प्रशिक्षकाच्या कामातली मोठी गोष्ट आहे, आणि तिचं चित्रण कुठल्याही मोबाईलवर नसतं. जगातल्या मोठ्या नावांनीही हे केलंय. अमेरिकी प्रशिक्षक कस डी'अमाटो यांनी फ्लॉइड पॅटरसनसाठी प्रतिस्पर्धी इतके जपून निवडले की त्यावर टीका झाली. पण १९५६ मध्ये पॅटरसन २१ व्या वर्षी हेवीवेट विजेता झाला, तोवरचा सर्वांत लहान.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे घर. दहावीच्या वर्षी वडिलांनी सराव बंद करायचं ठरवलं होतं. वस्ताद तीनदा त्यांच्याकडे गेले. तिसऱ्यांदा गेले ते रिक्षातच बसले, स्टेशनपर्यंतचं भाडं दिलं आणि वाटेत बोलले. हे मला त्या रिक्षावाल्या बापानंच सांगितलं, सांगताना हसला आणि डोळे पुसले.

दोन पराभव

आता वस्तादांची चूक. ती झाकली तर हे लिहिण्यात काही अर्थ नाही.

२०२१ मध्ये ती राज्य स्पर्धेत ३-२ नं हरली, म्हणजे पाच पंचांपैकी तिघांचा कौल समोरचीला; २०२२ मध्ये ४-१ नं. दोन्ही वेळा ४८ किलोत. दोन्ही चित्रणं मी पाच-सहा वेळा पाहिली. पहिली फेरी तिची, दुसरी बरोबरीची, तिसरीत पाय जमिनीला चिकटलेले. बघणाऱ्यांनी निष्कर्ष काढला की दम कमी आहे, सराव कमी पडतोय. खरं कारण वजनकाट्यावर होतं. २०२२ पर्यंत तिचं नेहमीचं वजन ५२ च्या आसपास गेलेलं. वाढतं वय. वस्ताद तिला ४८ वर आणत होते: रात्रीचं जेवण बंद, पहाटे रेनकोट घालून पळणं, तोंडात लिंबू धरून थुंकणं. आपल्या हौशी बॉक्सिंगमध्ये वजन एकदा होऊन भागत नाही. ज्या दिवशी लढत, त्या दिवशी सकाळी पुन्हा काटा. म्हणजे तीन दिवसांत तीन लढती असतील तर तीन वेळा अंग पिळून काढायचं. तिसऱ्या फेरीत पाय चालणार कुठून?

मी वस्तादांना हे विचारलं तेव्हा त्यांनी टाळलं नाही. "वरच्या गटात पोरी उंच असतात, बाई. ही पाच फूट दोन इंच. मला वाटलं खालीच सुरक्षित. आम्ही पलटणीत असंच करायचो." मग थोड्या वेळानं, "माझं चुकलं." प्रशिक्षक स्वतः जसा घडला तसंच दुसऱ्याला घडवतो, ही या खेळातली जुनी अडचण आहे. वाढत्या वयाच्या मुलीच्या शरीराचं ज्ञान त्यांना पलटणीत कुणी दिलेलं नव्हतं.

त्यांची दुसरी उणीव कॉर्नरमधली. एका मिनिटात स्टूल येतं, गमशिल्ड (दातांवरचं कवच) निघते, पाण्याचा घोट, तोंडावरून टॉवेल, श्वास थोडा बसायला वीसेक सेकंद, आणि शेवटी कॉर्नर रिकामा करायची सूचना. बोलायला उरतो अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ. वस्ताद त्यात सगळं सांगायचे. गार्ड वर, जॅब आधी, मागं जाऊ नको, हुकपासून जप, श्वास घे, घाबरू नको. माझ्या टेबलापर्यंत आवाज यायचा. ती मान हलवायची. पुढच्या फेरीत त्यातलं एकही दिसायचं नाही. माया होती ती सगळी, पण थकलेल्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट शिरते.

दहा महिने

२०२२ च्या डिसेंबरात ती निवासी केंद्रात गेली. वस्तादांनीच चाचणीला पाठवली, हे फ्लेक्सवाल्यांना कुणी सांगितलं नाही. तिथे मेसमध्ये अंडी, दूध, पोटभर जेवण. आठवड्यातून दोनदा फिजिओ. खरी रिंग. आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तिच्या वजनाच्या पाच-सहा मुली. शेडमध्ये तिला स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, मुलगेच मिळायचे; ते एकतर हात राखून मारायचे किंवा राखायचे नाहीत. दोन्हींतून खरी लढत शिकता येत नाही.

सर पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका घेतलेले, तिशीतले. त्यांनी पहिले दोन आठवडे तिला काहीच सांगितलं नाही, नुसतं पाहिलं. मग दोन निर्णय घेतले. पहिला, ४८ सोडून ५२. दुसरा, एकाच दोषावर काम. ती डावा हात मारून तिथेच उभी राहायची, आपला ठोसा लागला की नाही ते बघत. तेवढ्यात समोरचीचा उजवा यायचा. सर हातात पॅड घेऊन तिचा डावा झेलायचे आणि लगेच दुसऱ्या पॅडनं तिच्या डोक्याच्या जागी फटका फिरवायचे. डोकं तिथं असेल तर लागणार. तीन महिने जवळजवळ हेच.

मी विचारलं, बाकीचं काही बदललं नाहीत? म्हणाले, "तिचे पाय कुणीतरी फार नीट बांधलेत. मी हात लावला असता तर बिघडवले असते." हे वाक्य मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरले. नवा प्रशिक्षक आला की आधीचं सगळं पुसून आपलं लिहायची घाई करतो. मी असे कितीतरी पाहिलेत. प्रशिक्षक अँजेलो डंडी कॅशियस क्लेला, म्हणजे पुढच्या महंमद अलीला, हात खाली ठेवून आणि मागं झुकून लढू द्यायचे. पुस्तकी नियमांनी दोन्ही चूक. डंडींनी ती पद्धत मोडली नाही. आणि अलीच्या अर्जात अशी एक ओळ असती तर तिथं तरी कुणाचं नाव लिहिलं असतं? १९५४ मध्ये बारा वर्षांच्या क्लेची सायकल चोरीला गेली, तो लुईव्हिलच्या जो मार्टिन नावाच्या पोलिसाकडे तक्रार घेऊन गेला, आणि त्या पोलिसानं त्याला आपल्या बॉक्सिंग वर्गात घेतलं. १९६० च्या रोम ऑलिंपिकचं सुवर्ण डंडी येण्याआधीचं आहे.

मग या दहा महिन्यांत सरांचा वाटा किती आणि केंद्राचा किती? हे वेगळं काढल्याशिवाय हिशेब लागत नाही. जेवण, फिजिओ, स्पारिंगच्या मुली हे केंद्राचं. तिथं दुसरा कुणी प्रशिक्षक असता तरी तिला ते मिळालं असतं. वस्तादांकडे हे असतं तर त्यांचाही निकाल वेगळा दिसला असता. वजनगटाचा निर्णय मात्र सरांचा. डोकं हलवण्याचा सरांचा. पायांना हात न लावण्याचाही सरांचाच.

आणि एक भाग कुणाचाच नाही. २०२२ ची ५२ किलोतली विजेती २००४ च्या जन्माची, २०२३ मध्ये युवा गटातून वयानं बाहेर पडली. गट मोकळा झाला. ही गोष्ट सत्काराच्या भाषणात कुणी बोलत नाही, पण जागा रिकामी होणं हेही निकालाचं एक कारण असतं.

प्रशिक्षक एकटा किती फरक पाडू शकतो, याचं मला पटलेलं उदाहरण १९९४ चं आहे. त्या सप्टेंबरात लंडनमध्ये ऑलिव्हर मॅकॉलनं लेनॉक्स लुईसला दुसऱ्याच फेरीत पाडलं. मॅकॉलच्या कॉर्नरमध्ये होते डेट्रॉइटचे इमॅन्युएल स्टुअर्ड. लुईसनं काय केलं? ज्या माणसाच्या तयारीनं आपल्याला हरवलं त्यालाच आपला प्रशिक्षक नेमलं. त्यानंतर त्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि तोल सुधारत गेला, १९९७ मध्ये मॅकॉलवर विजय मिळाला, १९९९ मध्ये होलिफिल्डला हरवून तो निर्विवाद विजेता झाला. शरीर तेच, हात तेच, कॉर्नर बदलला. पण तिथंच थांबलं तर चित्र अर्धं राहतं. २००१ च्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत हसीम रहमाननं याच लुईसला एका ठोशात पाडलं, आणि तेव्हा कॉर्नरमध्ये स्टुअर्डच होते. लुईस त्या लढतीला पुरेशा तयारीनं उतरला नव्हता. नोव्हेंबरात त्यानं रहमानला हरवून विजेतेपद परत घेतलं. प्रशिक्षक बॉक्सरच्या जागी पहाटे उठू शकत नाही.

उलट दिशेनं माइक टायसन. डी'अमाटो १९८५ च्या नोव्हेंबरात वारले. वर्षभरानं, २२ नोव्हेंबर १९८६ ला, टायसन वीस वर्षांचा असताना विजेता झाला. तेव्हा कॉर्नरमध्ये डी'अमाटोंच्याच तालमीतले केव्हिन रूनी होते. १९८८ मध्ये टायसननं रूनींना काढलं. लगेच काही बिघडलं नाही. १९९० च्या फेब्रुवारीत टोकियोत बस्टर डग्लसनं त्याला पाडलं, आणि त्या रात्री टायसनच्या कॉर्नरमध्ये सुजलेला डोळा दाबायला थंड लोखंडी पट्टीसुद्धा नव्हती. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून काम चालवलं. शिकवलेलं अंगातून एका दिवसात उतरत नाही आणि एका दिवसात चढतही नाही. म्हणून जो निकाल आज दिसतो त्याचं श्रेय आज कॉर्नरमध्ये उभ्या असलेल्या माणसाला देणं सोपं असतं, आणि पुष्कळदा चुकीचं.

आपल्याकडेही तसंच. २००८ मध्ये बीजिंगला गेलेल्या पाच भारतीय बॉक्सरांपैकी चार भिवानीचे. विजेंदर सिंग कांस्यपदक घेऊन आला. त्याच्या मागे भिवानीचे जगदीश सिंग होते, राष्ट्रीय संघाचे गुरबक्षसिंग संधू होते, क्युबाहून आलेले फर्नांडिस होते. लव्हलिना बोर्गोहेनला आसाममध्ये पदुम बोरो यांनी हेरलं आणि टोकियोच्या पदकापर्यंतच्या वाटेवर संध्या गुरुंग यांनी तिच्यावर काम केलं. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला गुरुंग यांना क्रीडाग्रामात प्रवेश मिळत नाही म्हणून लव्हलिनानं जाहीर तक्रार केली होती. तेव्हा काहींनी नाकं मुरडली की एवढी मोठी खेळाडू आणि प्रशिक्षक नसली तर अडतं? अडतं. घंटेच्या टेबलामागून मला ते वर्षानुवर्षं दिसत आलंय.

अंतिम लढतीचं एक मिनिट

राज्य स्पर्धेची अंतिम लढत. समोरची मुलगी उजवी, हिच्यापेक्षा चार बोटं उंच, लांब हाताची. त्या लढतीला टाइमकीपर दुसरे होते, मी मुद्दाम बसले नाही. पण खुर्ची कॉर्नरजवळच मिळाली. पहिली फेरी हातची गेली, हे सांगायला पंचांची गरज नव्हती. ती लांबून जॅब खात होती आणि आत शिरायला बघत होती.

घंटा झाली. सरांनी तिला बसवलं, गमशिल्ड काढली, पाणी दिलं. मग काहीच बोलले नाहीत. मी घड्याळ बघत होते, सवयच ती. वीस सेकंद गेली. तिचा श्वास खाली आला. तेव्हा ते वाकून म्हणाले, "उजवा पाय बाहेर. एवढंच."

दुसऱ्या फेरीत तिचा पाय बाहेर पडायला लागला. समोरचीच्या पायाच्या बाहेर, बरोबर त्या चार बोटांत. डावा हात सरळ गेला, लागला, आणि डोकं तिथून निघून गेलं. पुन्हा. पुन्हा. तिसऱ्या फेरीत दोघी दमल्या होत्या, पण हिचे पाय चालत होते. या वेळी ती लिंबू चोखून आलेली नव्हती. निकाल ४-१.

त्या चार शब्दांचं कौतुक खूप झालं. व्हायलाच हवं, कारण वस्तादांनी त्याच जागी दहा गोष्टी सांगितल्या असत्या. पण ते चार शब्द दुसऱ्या कुठल्याही मुलीला सांगितले असते तर? तिनं पाय कुठे न्यायचा, किती न्यायचा, वजन कुठे ठेवायचं, यातच फेरी घालवली असती. सरांनी एका वाक्यात जे बाहेर काढलं ते कुणीतरी सात वर्षांपूर्वी सुती दोरीवर आत ठेवलेलं होतं. मला विचाराल तर कॉर्नरमधलं प्रत्येक चांगलं वाक्य असं असतं: ते नवीन काही शिकवत नाही, साठवलेलं मागून घेतं. आणि काय मागायचं, हे ओळखणं हा सरांचा खरा वाटा.

सगळी चित्रणं पाहून, दोघांशी बोलून माझं मत असं झालं की प्रशिक्षकाचा वाटा खूप मोठा आहे, पण आपण तो चुकीच्या जागी शोधतो. ठोसा बॉक्सरचा असतो. प्रशिक्षकाचे असतात ते निर्णय, जे त्या वयात पोरांना स्वतःला घेता येत नाहीत. कुठल्या वजनात खेळायचं, कुणाशी आज लढायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, कधी थांबवायचं. वस्तादांचा एक निर्णय वाईट चुकला आणि तिची दोन वर्षं गेली. त्यांचेच दुसरे दोन निर्णय नसते तर ती २०२३ पर्यंत बॉक्सर उरलीच नसती.

टॉवेल

डिसेंबरात राष्ट्रीय स्पर्धा झाली. उपांत्यपूर्व फेरीत तिच्यासमोर फारच तयारीची मुलगी आली. दुसऱ्या फेरीत मार बसल्यावर लढत थांबवून हिला दोनदा आठपर्यंत मोजलं. तिसरी सुरू झाली, हिचे हात खाली येत होते. अर्धी फेरी झाली असेल, सरांनी टॉवेल टाकला, म्हणजे लढत सोडून दिली. ती उभी होती, शुद्धीत होती, आणि संतापली होती. मी वडिलांच्या मोबाईलवर पाहिलं: ती सरांकडे न बघता रिंगमधून उतरली.

१ ऑक्टोबर १९७५ ला मनिलात चौदाव्या फेरीनंतर प्रशिक्षक एडी फच यांनी जो फ्रेझियरला उठू दिलं नव्हतं. डोळे सुजून बंद झालेले, एकच फेरी उरलेली, समोर अलीही कोसळायच्या बेतात. फ्रेझियरला उठायचं होतं. फचनी लढत सोडून दिली. रिंगमध्ये माणसं मेलेली त्यांनी पाहिली होती. ती लढत हरलेल्या त्या प्रशिक्षकाचं नाव आजही लोक आदरानं घेतात.

पण अठरा वर्षांच्या मुलीला त्या रात्री मनिला सांगून काय होणार? तिनं पुण्याला फोन लावला, वस्तादांना. ती पंधरा मिनिटं रडत बोलली, असं वस्ताद सांगतात. सरांनी मला हरवलं, म्हणाली. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यांनी बरोबर केलं. मी असतो तर मी उशीर केला असता. उद्या सकाळी जाऊन त्यांच्या पाया पड."

ती पाया पडली की नाही, मी विचारलं नाही. पण परत आल्यावर दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि अर्ज मागितला. मी तिला माझं मत सांगितलं नाही. इतके दिवस लावून जे जमवलं होतं ते गिळलं. तिनं पट्टी घेतली. त्या एका ओळीच्या मधोमध पेन्सिलनं बारीक रेघ मारली आणि ओळीच्या जागेत दोन ओळी केल्या. वर वस्तादांचं नाव, कंसात वर्षं. खाली सरांचं नाव, कंसात महिने. अक्षर इतकं बारीक की मला चष्मा लावावा लागला.

मग तिनं माझ्यासमोरच वस्तादांना फोन लावला, स्पीकरवर. "वस्ताद, तुमच्यापुढं सहा वर्षं लिहिलंय. बरोबर ना?"

पलीकडं शेडमधला आवाज येत होता, कुणीतरी किटबॅगवर मारत होतं.

"सहा नाही, साडेसहा," ते म्हणाले. "पहिले सहा महिने तुला हातमोजे दिले नव्हते. ते पण धर."